बायबलचे प्रसंग, न्यूरेंबर्गच्या टोप्या

येशू ख्रिस्ताला जमावापुढे उभे करून ‘याचे काय करू?’ असे पिलात विचारतो, तो प्रसंग बायबलमध्ये जेरुसलेमला घडतो. लूकास व्हान लायडन या डच चित्रकाराने १५१० मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात मात्र जेरुसलेम शोधूनही सापडत नाही. सापडतो तो उत्तर युरोपातल्या एखाद्या सुखवस्तू शहराचा चौक. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्ये मोकळी जागा आणि पुढच्या भागात ऐटबाज पोशाखांतले नागरिक. कोणाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, कोणाच्या अंगावर पायघोळ झगा, कोणी हातवारे करीत शेजाऱ्याशी वाद घालतो आहे. मागच्या बाजूला एका ओट्यावर काही माणसे दिसतात. त्यांतला काटेरी मुकुट घातलेला, पुढच्या नागरिकांच्या मानाने अगदी लहान दिसणारा माणूस म्हणजे ख्रिस्त. सुमारे ४५ सेंटिमीटर रुंदीच्या या चित्रात प्रेक्षकाची नजर आधी पडते ती टोप्यांवर आणि मग देवाच्या पुत्रावर.

परंपरेने सांगितले जाणारे जन्मसाल खरे मानले, तर हे चित्र कोरताना लूकास जेमतेम सोळा वर्षांचा होता. पण त्याने जे केले ते पोरवयातले धाडस नव्हे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये छापल्या गेलेल्या बायबलच्या चित्रांची ती सर्वमान्य रीतच होती. प्रसंग पॅलेस्टाइनमधला, माणसे मात्र आपल्या गावातली. या रीतीमुळे एक गोष्ट आपोआप घडली. माणसे आपल्या गावातली म्हटल्यावर त्यांची सामाजिक उतरंडही चित्रात उतरली. राजा, सरदार, बिशप, व्यापारी, कारागीर, शेतकरी, भिकारी असे सारे आपापल्या वेशात पवित्र प्रसंगांत येऊन उभे राहिले. कोणाला कुठे उभे केले आणि कोणाच्या डोक्यावर काय ठेवले, यावरून चित्रकार बरेच काही सांगून जाऊ लागला.

ही उतरंड वाचण्याची किल्ली पोशाखात आहे. आजच्या प्रेक्षकाला त्या टोप्या आणि झगे केवळ जुन्या काळचे म्हणून सुंदर दिसतात. त्या काळच्या माणसाला त्यांतून समोरच्याची पायरी कळत असे. कोणी कोणते कापड वापरावे, फर कोणाला चालेल, सोन्याची साखळी कोणी घालावी, यांचे नियम न्यूरेंबर्गसारख्या शहरांच्या नगरपरिषदा करीत. १५३० मध्ये आउग्सबुर्ग येथील साम्राज्यसभेने तर साऱ्या जर्मन साम्राज्यासाठी असा कायदा केला. शेतकरी, शहरातला नागरिक, व्यापारी, उमराव यांनी कसे कपडे घालावेत, हे त्यात वर्गवार सांगितलेले आहे. वेशावरून दर्जा ओळखता आला पाहिजे, हा त्यामागचा उघड हेतू होता. तेव्हा एखाद्या मुद्राचित्रात मखमली झगा घातलेला माणूस भिकाऱ्याकडे पाठ फिरवून उभा असला, तर त्या काळच्या प्रेक्षकाला तो ‘बायबलमधला श्रीमंत’ वाटत नसे, आपल्या गल्लीतला ओळखीचा माणूस वाटे.

मुद्राचित्रांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवे. चर्चमधले भित्तिचित्र किंवा वेदीवरचे तैलचित्र ज्याने पैसे दिले त्याचे असे, आणि पैसे देणाऱ्याला बहुधा स्वतःची प्रतिमाही चित्रात हवी असे. छापलेल्या चित्राला असा एकच धनी नव्हता. लाकडी ठशावरून छापलेले वुडकट स्वस्त असे. तांब्यावर कोरलेले एन्ग्रेव्हिंग थोडे महाग आणि जाणकारांसाठी. दोन्ही बाजारात विकली जात. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररची पत्नी अ‍ॅग्नेस जत्रांमध्ये नवऱ्याची चित्रे विकत असे. घेणारा कोण असेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे चित्रकाराला थोडे स्वातंत्र्य मिळे. त्याचबरोबर एक अडचणही येई, कारण सरदार आणि सुतार दोघांनीही चित्र विकत घ्यावे अशी त्याची इच्छा असे.

ड्यूररने (१४७१–१५२८) ही कसरत सर्वांत कुशलतेने केली. तो स्वतः सोनाराचा मुलगा. व्हेनिसमधून १५०६ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात, इथे आपल्याला सभ्य गृहस्थाचा मान मिळतो, गावी मात्र आपण दुसऱ्याच्या जिवावर जगणारे ठरतो, असे त्याने कडवटपणे म्हटले होते. कारागिराच्या घरातून वर चढू पाहणाऱ्या माणसाची ही नजर त्याच्या बायबलच्या चित्रांत सतत जाणवते. १५११ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘मरीयेचे जीवन’ या त्याच्या मालिकेत मरीयेच्या जन्माचे चित्र आहे. जर्मन शहरातली एक बाळंतिणीची खोली, पलंगावर थकलेली आई, पलंगाशीच पेंगलेली सुईण आणि भोवती पेयाचे पेले घेऊन गप्पा मारणाऱ्या शेजारणी. वर ढगात धूपपात्र हलवणारा देवदूत नसता, तर हे कोणाही खात्यापित्या नागरिकाचे घर म्हणून खपून गेले असते. त्याच मालिकेत इजिप्तमध्ये आश्रय घेतलेले पवित्र कुटुंब दिसते. योसेफ सुतारकाम करतो आहे, मरीया पाळण्याशेजारी सूत कातते आहे आणि पंखवाली बालके लाकडाचे कपटे गोळा करीत आहेत. कष्टाच्या कामाला इतका मान देणारे चित्र कारागिरांच्या शहरातच निपजू शकते.

मात्र शेतकऱ्याच्या वाट्याला हा मान क्वचितच आला. शुभवर्तमानाप्रमाणे ख्रिस्तजन्माची वार्ता देवदूताने पहिल्यांदा सांगितली ती मेंढपाळांना; राजेरजवाड्यांना नव्हे. ड्यूररच्या १५०४ च्या ख्रिस्तजन्माच्या एन्ग्रेव्हिंगमध्ये पडक्या घराचे लाकूडकाम आणि विटा मन लावून कोरलेल्या आहेत, योसेफ विहिरीचे पाणी भांड्यात ओततो आहे, आणि ज्याला वार्ता प्रथम कळली तो मेंढपाळ मागे, सहज नजरेतून सुटावा एवढा लहान. पूर्वेकडून आलेले तीन राजे जेव्हा अशा चित्रांत येतात तेव्हा मात्र पुढची जागा त्यांची. ते गुडघे टेकतात हे खरे, पण जरीचे झगे आणि सोन्याची पात्रे घेऊन, सगळ्यांना दिसतील असे.

त्याच ड्यूररचे १४९६ च्या सुमारास कोरलेले ‘उधळ्या पुत्र’ हे चित्र याला सणसणीत अपवाद आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात बापाची संपत्ती उडवून बसलेला मुलगा शेवटी डुकरे राखण्याच्या कामाला लागतो. ड्यूररने त्याला रानात न दाखवता खेड्यातल्या घरांच्या मधोमध, उकिरड्याशेजारी, डुकरांच्या घोळक्यात गुडघे टेकायला लावले. उतरलेली छपरे, आवारातला पसारा, द्रोणीत तोंड घालणारी डुकरे असा सारा तपशील खऱ्या जर्मन खेड्यातला आहे. इटलीतल्या व्हासारीलाही हे चित्र इतके आवडले की त्यातल्या जर्मन झोपड्यांची त्याने मुद्दाम स्तुती केली. श्रीमंताचा मुलगा उतरंडीच्या तळाशी जाऊन पोहोचतो तेव्हाच त्याला देव आठवतो, हा दाखल्याचा आशय. तो तळ कसा दिसतो आणि तिथे रोज कोण राहते, हे मात्र ड्यूररने दाखवले.

बायबलमध्ये दुष्ट राजांची वाण नाही. त्यांना युरोपीय राजाचा वेश चढवणे धोक्याचे होते. त्यावर एक सोयीचा तोडगा निघाला. ड्यूररच्या १४९८ च्या ‘प्रकटीकरण’ मालिकेत पहिल्याच चित्रात संत योहानला उकळत्या तेलात टाकण्याची आज्ञा देणारा रोमन सम्राट डोमिशियन आहे, आणि तो बसला आहे चक्क तुर्की थाटात, पागोटे घालून. पिलात, हेरोद आणि इतर जुलमी अधिकाऱ्यांच्या डोक्यावरही अनेकदा अशीच पागोटी आली. जुलूम दाखवायचा, पण जुलमी माणूस परक्या मुलखातला आणि परक्या धर्माचा ठरवायचा! ख्रिस्ताला फटके मारणाऱ्यांना बऱ्याचदा भाडोत्री शिपायांचे चिरा पाडलेले, घट्ट विजारींचे कपडे मिळाले. म्हणजे हुकूम परक्याचा आणि हात खालच्या वर्गाच्या दांडग्याचा. मधला प्रतिष्ठित नागरिक मात्र टोपी सांभाळत बघ्याच्या भूमिकेत सुरक्षित. लूकासच्या १५१० च्या चित्रातली बोच इथे आहे. त्याने त्या बघ्यालाच सगळ्यांत पुढे आणले. पुढे रेम्ब्रांटने १६५५ मध्ये याच प्रसंगाचे चित्र करताना लूकासचा आधार घेतला आणि नंतरच्या आवृत्तीत ओट्यासमोरची सारी गर्दी तांब्यावरून घासून काढली. मग ओट्यासमोर उरतो तो फक्त चित्र पाहणारा.

इटलीत ही भानगडच नव्हती. राफाएलच्या आराखड्यावरून मार्कान्तोनिओ रायमोंदीने १५११–१२ च्या सुमारास कोरलेल्या ‘निष्पाप बालकांची हत्या’ या चित्रात शिपाई जवळजवळ विवस्त्र आहेत, प्राचीन पुतळ्यांसारखे पीळदार. अंगावर कपडेच नसल्यावर कोण कुठल्या पायरीचा हे कळणार कसे? चित्र अप्रतिम आहे. समाज त्यात नाही.

उत्तरेकडे मात्र उतरंडीचे समर्थनही बायबलच्याच आधाराने होत असे. सारे आदाम आणि हव्वेची लेकरे, तर मग कोणी राजा आणि कोणी कुळवाडी का, हा प्रश्न जुना होता. इंग्लंडमध्ये १३८१ च्या उठावात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदाम-हव्वेचाच दाखला देऊन उमरावशाहीला आव्हान दिले होते. त्याला उत्तर म्हणून एक कथा जर्मनीत लोकप्रिय झाली. देव भेटीला येणार म्हणून हव्वेने देखणी मुले न्हाऊमाखू घालून पुढे उभी केली आणि कुरूप, मळकी मुले लपवून ठेवली. देवाने पुढच्यांना राजे, सरदार, विद्वान होण्याचे वर दिले. हव्वेने मग घाईने लपवलेली मुले आणली, तेव्हा त्यांच्या वाट्याला शेती, मोची, कुंभार असली कामे आली. बायबलमध्ये ही कथा कुठेही नाही. न्यूरेंबर्गच्या हान्स झाक्सने १५५३ मध्ये तिच्यावर नाटक लिहिले. हा झाक्स व्यवसायाने मोची होता, हे विशेष.

हान्स होल्बाइनच्या ‘मृत्यूचे नृत्य’ या मालिकेची मांडणी या कथेशेजारी ठेवून पाहावी. लाकडी ठसे हान्स ल्युट्झेलबुर्गरने कोरले. तो १५२६ मध्ये वारला आणि मालिका ग्रंथरूपाने १५३८ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात प्रसिद्ध झाली. अवघी दोन-अडीच इंची ४१ चित्रे. सुरुवात जगाच्या निर्मितीने, मग आदाम-हव्वेचे पतन, नंदनवनातून हकालपट्टी आणि जमीन खणणारा आदाम. त्याच्या शेजारी सांगाडाही खणू लागलेला. त्यानंतर पोप, सम्राट, राजा, कार्डिनल अशी पायऱ्यापायऱ्यांनी माणसे येतात आणि प्रत्येकाला मृत्यू गाठतो. न्यायाधीश श्रीमंत पक्षकाराकडे हात पसरून बसला आहे, गरीब पक्षकार ताटकळतो आहे, तेवढ्यात मृत्यू त्याच्याकडील दंड हिसकावतो. शेवटाकडे नांगरणारा म्हातारा येतो. मृत्यू त्याचे घोडे हाकतो आहे, दूरवर चर्च आणि मावळता सूर्य. साऱ्या मालिकेत मृत्यू इतका सौम्य झालेला दुसरीकडे क्वचितच दिसतो. अखेरीस न्यायनिवाड्याच्या दिवशी सारे उघडे उभे आहेत. टोप्या संपल्या.

मृत्यू सर्वांना सारखाच गाठतो, ही गोष्ट सत्तेला फारशी झोंबत नाही. ती पुढच्या जगाची असते. लुकास क्रानाखने याच जगाबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा चित्र बदलले. मार्टिन ल्यूथरच्या विटेनबर्गमध्ये १५२१ साली त्याची २६ वुडकट चित्रे तेरा जोड्यांत छापली गेली. डाव्या पानावर ख्रिस्त, उजव्या पानावर पोप. ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो. पोप राजेरजवाड्यांकडून स्वतःच्या पायाचे चुंबन घेववतो. ख्रिस्ताच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट; पोपच्या डोक्यावर तीन थरांचा सोन्याचा. ख्रिस्त मंदिरातून सराफांना हाकलतो; पोप पापमुक्तीची पत्रे विकतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाने उलटताना मुद्दा कळत होता. मात्र यात सरदार आणि सॅक्सनीचा राजा-इलेक्टर सुरक्षित होते, हे विसरून चालणार नाही. क्रानाख त्याच इलेक्टरचा दरबारी चित्रकार होता आणि पुढे औषधांचे दुकान चालवणारा, शहराचे नगराध्यक्षपद भूषवणारा धनिक झाला.

एका टोपीमागे किती राजकारण असू शकते, याचे उदाहरण पुढच्याच वर्षी घडले. सप्टेंबर १५२२ मध्ये ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेला नवा करार छापला गेला. त्यात प्रकटीकरणाची २१ चित्रे क्रानाखच्या कारखान्यातली. बाबिलोनच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता! शेजारच्या सॅक्सनीचा कॅथलिक ड्यूक जॉर्ज याने त्याला हरकत घेतल्याचे मानले जाते. डिसेंबरच्या आवृत्तीत ठशावरचे वरचे थर तासून टाकले गेले आणि साधा मुकुट उरला. १५३४ च्या संपूर्ण बायबलमध्ये तो तिहेरी मुकुट पुन्हा दिसतो. बारा वर्षांत पारडे कुणीकडे झुकले, ते त्या मुकुटावरून कळते.

दरम्यान १५२४–२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बंड केले. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे ठरलेल्या त्यांच्या बारा मागण्यांत शास्त्रवचनांचे आधार दिलेले होते. ख्रिस्ताने मेंढपाळापासून थोरामोठ्यांपर्यंत सर्वांना आपल्या रक्ताने मुक्त केले, तर मग माणसाला वेठीस धरता येणार नाही, असे तिसरी मागणी सांगते. बायबलमधली माणसे आपल्याच गावातली आहेत, हे चित्रकार पन्नास वर्षे सांगत होते. शेतकऱ्यांनी ते शब्दशः घेतले. पोपला आव्हान देणाऱ्या ल्यूथरने या बंडखोरांना ठेचून काढा असे सरदारांना सांगितले. उठाव चिरडला गेला. मृतांचा आकडा इतिहासकार ७० हजार ते एक लाखाच्या घरात सांगतात.

न्यूरेंबर्गने जानेवारी १५२५ मध्येच जेबाल्ट बेहाम, त्याचा भाऊ बार्थेल आणि जॉर्ज पेन्त्स या तीन तरुण चित्रकारांना धर्म आणि सत्ता न मानल्याबद्दल शहराबाहेर काढले होते. वर्ष संपायच्या आत त्यांना परतीची मुभा मिळाली. नंतर जेबाल्ट बेहामने खेडुतांच्या जत्रांची चित्रे छापली: पिणारी, नाचणारी, ओकणारी गावकरी मंडळी. ती शहरी दिवाणखान्यांत चांगली खपली. हाइनरिख आल्डेग्रेव्हरने १५५४ मध्ये ‘श्रीमंत माणूस आणि लाजर’ हा दाखला पाच एन्ग्रेव्हिंगमध्ये कोरला, तेव्हा मेजवानीच्या थाटाचा तपशील त्याने इतक्या चवीने रंगवला की दाराशी पडलेला भिकारी निमित्तमात्र वाटावा. उतरंड पुन्हा जागेवर बसली होती.

बंड संपले त्याच वर्षी ड्यूररने भूमितीवर एक पुस्तक छापले. रेषा, घनाकृती, अक्षरांची वळणे यांच्यामध्ये त्यात एका स्मारकाचा आराखडा येतो, बंडखोर शेतकऱ्यांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक ज्याला उभारायचे असेल त्याच्यासाठी. पायाशी बांधलेली गुरे, मेंढ्या आणि डुकरे. वर रचलेल्या टोपल्या, धान्याची पेटी, लोणी घुसळायचे भांडे, दुधाचा घडा, फावडी-दाताळी बांधलेली गव्हाची पेंढी, कोंबड्यांचे खुराडे. प्रत्येक वस्तूची उंची मोजून दिलेली. आणि सगळ्यांत वर, हातावर डोके टेकून बसलेला एक शेतकरी. त्याच्या पाठीत तलवार खुपसलेली. ही थट्टा की हळहळ, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पण ड्यूररच्याच १५११ च्या ‘लहान दुःखभोग’ मालिकेचे मुखपृष्ठ शेजारी ठेवले, तर दगडावर बसलेला, हातावर डोके टेकलेला ख्रिस्त दिसतो. बसण्याची ढब तीच आहे. बंडात हरलेल्या माणसाला उतरंडीच्या शिखरावर त्या जागी बसवणारा हात अनवधानाने वळला असेल, हे पटणे कठीण.

ही चित्रे हिंदुस्थानात आली ती गोव्यावरून. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल नजर केले. त्यानंतर युरोपीय मुद्राचित्रांचा ओघ दरबारात सुरू झाला. मोगल चित्रकारांनी ती बारकाईने पाहिली, गिरवली, रंगवली. त्यांच्या दृष्टीने चिरा पाडलेल्या विजारींना आणि रुंद काठांच्या टोप्यांना कोणतीही पायरी नव्हती. पागोटे घातलेला माणूस परका ठरण्याचा तर प्रश्नच नव्हता. १६०० च्या सुमारास अबुल हसन या मुलाने ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या एन्ग्रेव्हिंगमधून एकच आकृती उचलली: क्रूसाखाली हात जुळवून व्याकूळ उभा असलेला संत योहान. शिपाई नाहीत, क्रूसही नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात असलेल्या त्या कागदावर चित्रकाराने आपले वय नोंदवून ठेवले आहे: तेरावे वर्ष.